वडिलांचे आठ आक्षेप

इंग्लंडच्या पश्चिम भागात सेव्हर्न नदीच्या काठी श्रूजबरी नावाचे एक जुने गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या गावात रॉबर्ट डार्विन नावाचे एक नामांकित डॉक्टर राहत असत. त्यांची उंची सहा फूट दोन इंच होती आणि वजन दीडशे किलोच्या घरात होते. असा हा धिप्पाड गृहस्थ रोग्याच्या खोलीत शिरला, की अर्धे दुखणे आपोआप पळते, असे लोकांस वाटे. माणसांची मने ओळखण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. औषधापेक्षा त्यांच्या चार धीराच्या शब्दांसाठीच कित्येक जण त्यांच्याकडे येत. या डॉक्टरांच्या सहा अपत्यांपैकी पाचवा मुलगा चार्ल्स. त्याचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी झाला. जगातील नाना प्रकारचे जीव कसे उत्पन्न झाले, या प्रश्नाला ज्याने पुढे नवे वळण दिले, तोच हा चार्ल्स डार्विन.

चार्ल्स आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. थोरल्या बहिणींनी त्याचे संगोपन केले. वडिलांचे मुलांवर फार प्रेम होते. परंतु त्यांचा दराराही तसाच होता. ते घरी परतले, की घरातील गलबला शांत होई.

नवव्या वर्षी चार्ल्सला गावातील मोठ्या शाळेत घालण्यात आले. तेथेच राहण्याची सोय होती. शाळेपासून घर जेमतेम एका मैलावर. सायंकाळी हजेरी झाली, की रात्री दरवाजे बंद होण्यापूर्वी चार्ल्स घरी धावत जाई आणि तसाच धावत परत येई. कधी उशीर झालाच, तर धावता धावता तो देवाचा धावा करी आणि वेळेवर पोहोचला, म्हणजे ते यश आपल्या पायांचे नसून प्रार्थनेचे आहे असे मानी! शाळेत लॅटिन आणि ग्रीक या प्राचीन भाषांवाचून दुसरे फारसे काही शिकवीत नसत. चार्ल्स चाळीस-पन्नास ओळी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी पाठ करी आणि दोन दिवसांत त्या साफ विसरून जाई. त्याचे मन रमे ते शंखशिंपले, खडे, नाणी, किडे गोळा करण्यात. त्याचा थोरला भाऊ इरॅस्मस याने घराच्या बागेतील अवजारांच्या खोलीत एक लहानशी प्रयोगशाळा थाटली होती. तेथे दोघे भाऊ रात्री उशिरापर्यंत निरनिराळे वायू तयार करीत बसत. ही वार्ता शाळेत पसरली, तेव्हा सोबत्यांनी चार्ल्सचे नाव 'गॅस' ठेवले. मुख्याध्यापक डॉक्टर बटलर यांनी मात्र अशा निरुपयोगी गोष्टींत वेळ घालविल्याबद्दल सर्वांसमक्ष त्याची कानउघाडणी केली.

वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी चार्ल्सला शिकारीचे वेड लागले. बंदूक, कुत्री आणि उंदरांचा पाठलाग यांतच त्याचे दिवस जाऊ लागले. तेव्हा एके दिवशी वडिलांचा संयम सुटला. बंदूक, कुत्री आणि उंदीर पकडणे यांखेरीज तुला कशाची म्हणून पर्वा नाही आणि तू स्वतःला व सर्व कुटुंबाला काळिमा लावशील, अशा अर्थाचे कठोर शब्द त्यांनी त्याला ऐकविले. हे शब्द चार्ल्सच्या जिव्हारी लागले. म्हातारपणी आत्मवृत्त लिहितानाही तो ते विसरला नव्हता. वडिलांइतका दयाळू मनुष्य आपण पाहिला नाही, परंतु त्या दिवशी ते रागावलेले असावेत आणि थोडे अन्यायीही झाले असावेत, असे त्याने तेथे नमूद केले आहे.

शाळेत या मुलाचे काही भले होत नाही, हे ओळखून वडिलांनी त्याला मुदतीपूर्वीच तेथून काढले आणि डॉक्टर करावयाचे ठरविले. चार्ल्सचे आजोबा डॉक्टर होते, वडील डॉक्टर होते, भाऊही त्याच मार्गावर होता. १८२५ च्या उन्हाळ्यात वडिलांनी त्याला गावातील गोरगरीब रोग्यांकडे पाठविण्यास आरंभ केला. चार्ल्स त्यांची लक्षणे लिहून आणी, वडिलांना वाचून दाखवी आणि त्यांनी सांगितलेले औषध स्वतः तयार करी. एका वेळी त्याच्याकडे डझनभर रोगी होते. रोग्यांचा विश्वास संपादन करणे हेच डॉक्टरच्या यशाचे मुख्य रहस्य, असे वडिलांचे मत होते आणि तो गुण त्यांना चार्ल्सच्या ठायी दिसला. त्यांना समाधान वाटले. ऑक्टोबर महिन्यात दोघे भाऊ स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील विद्यापीठात दाखल झाले. चार्ल्सचे वय तेव्हा सोळा वर्षांचे होते.

एडिंबरोमध्ये त्याची घोर निराशा झाली. हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीत सकाळी आठ वाजता औषधींवरील व्याख्याने सुरू होत. ती त्याला अत्यंत कंटाळवाणी वाटत. परंतु कंटाळ्यापेक्षाही भयंकर असा एक अनुभव पुढे यावयाचा होता. त्या काळी रोग्याला बेशुद्ध करण्याचे औषध उपलब्ध नव्हते. क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू झाला तो १८४७ साली. तोपर्यंत रोग्याला बळकट माणसे धरून ठेवीत आणि तो शुद्धीवर असतानाच शस्त्र चालवीत. चार्ल्सने अशा दोन शस्त्रक्रिया पाहिल्या. त्यांतील एक लहान मुलावर होती. दोन्ही वेळा त्याला ते दृश्य पाहवले नाही. शस्त्रक्रिया संपण्यापूर्वीच तो खोलीबाहेर पळाला. पुन्हा त्याने तिकडे पाऊल टाकले नाही आणि पुढे कित्येक वर्षे ती दृश्ये त्याच्या डोळ्यांसमोर येत राहिली.

येथे वडिलांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डॉक्टर रॉबर्ट यांनाही रक्त पाहवत नसे. तरुणपणी त्यांना वैद्यकाचा धंदा इतका नकोसा वाटे, की उदरनिर्वाहाची अल्पशी सोय असती किंवा वडिलांनी निवड करण्याची मोकळीक दिली असती, तर आपण त्यात कधीच पडलो नसतो, असे त्यांनी स्वतःच चार्ल्सला सांगितले होते. त्यांचा एक थोरला भाऊ तर एडिंबरोमध्येच वैद्यकाचा अभ्यास करीत असताना प्रेताचे विच्छेदन करताना झालेल्या संसर्गाने वारला होता. त्याच्याच नावावरून चार्ल्सचे नाव ठेवलेले होते. इतके असूनही वडिलांनी आपल्या मुलांना त्याच वाटेवर धाडले. आपण जे नाइलाजाने सोसले, ते मुलांनीही सोसावे, असे त्यांच्या मनात होते काय? तसे दिसत नाही. मुलगा आळशी, रिकामटेकडा निघेल, या एका भीतीने त्यांना घेरले होते.

चार्ल्सचाही दोष होताच. वडिलांनी पुष्कळ धन साठविले आहे आणि आपणांस पोटासाठी कष्ट करावे लागणार नाहीत, हे एव्हाना त्याच्या ध्यानात आले होते आणि त्यामुळे अभ्यासातील त्याचे लक्ष उडाले. आपणांस डॉक्टर व्हावयाचे नाही, हे वडिलांना स्पष्टपणे सांगण्याचे धैर्यही त्याला झाले नाही. ती गोष्ट त्यांच्या कानावर गेली ती बहुधा बहिणींकडून. मात्र एडिंबरोतील त्याची दोन वर्षे केवळ वाया गेली असे म्हणता येणार नाही. तेथे जॉन एडमनस्टन नावाचा एक कृष्णवर्णीय गृहस्थ राहत असे. तो दक्षिण अमेरिकेतील गयाना देशात गुलाम म्हणून राबला होता आणि पुढे मुक्त झाला होता. मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यात पेंढा भरून ते टिकविण्याची कला त्याला उत्तम अवगत होती. चार्ल्सने पैसे देऊन त्याच्याकडून ही विद्या शिकून घेतली. तासन्‌तास तो त्याच्याजवळ बसे. त्याचप्रमाणे समुद्रकिनाऱ्यावर हिंडून, ओहोटीच्या पाण्यात सापडणारे बारीक जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा नादही त्याला येथेच लागला.

१८२७ साली चार्ल्स पदवी न घेताच घरी परतला. वडिलांनी दुसरा मार्ग सुचविला. चार्ल्सने केंब्रिजला जावे, पदवी घ्यावी आणि खेड्यातील एखाद्या चर्चचा धर्मोपदेशक व्हावे. चार्ल्सने विचारासाठी थोडी मुदत मागितली, काही धर्मग्रंथ वाचले आणि होकार दिला. खेड्यातील शांत जीवन आणि भोवती झाडेझुडपे व किडे, ही कल्पना त्याला वाईट वाटली नाही. परंतु अडचण अशी, की शाळेत शिकलेले ग्रीक तो साफ विसरला होता. काही मुळाक्षरेदेखील आठवेनात! घरी शिक्षक ठेवून ती उजळणी करावी लागली आणि १८२८ च्या आरंभी तो केंब्रिजला गेला.

केंब्रिजमध्येही शिकार, घोडदौड आणि मित्रांच्या मेजवान्या चालूच राहिल्या. परंतु भुंगेरे गोळा करण्याइतका आनंद त्याला दुसऱ्या कशातही होत नसे. एकदा एका झाडाची जुनी साल काढताना त्याला दोन दुर्मीळ भुंगेरे दिसले. त्याने ते दोन हातांत एकेक असे पकडले. तोच तिसऱ्या नव्याच जातीचा भुंगेरा दिसला. तो सोडवेना, म्हणून त्याने उजव्या हातातील भुंगेरा तोंडात टाकला! त्या किड्याने असा काही तिखट रस सोडला, की चार्ल्सची जीभ भाजून निघाली. तो किडा थुंकून टाकावा लागला आणि तिसराही हातचा गेला.

याच ठिकाणी वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हेन्स्लो यांच्याशी त्याची गाठ पडली. हेन्स्लो स्वतः धर्मोपदेशक होते आणि वनस्पती, कीटक, खनिजे यांचे जाणकारही होते. त्यांच्याबरोबर चार्ल्स इतका नित्यनेमाने फिरावयास जाई, की लोक त्याला हेन्स्लोंबरोबर फिरणारा तरुण म्हणूनच ओळखू लागले. आळशी म्हणविल्या गेलेल्या या मुलाची चौकस बुद्धी प्रथम कोणी नीट ओळखली असेल, तर ती हेन्स्लो यांनी. जानेवारी १८३१ मध्ये चार्ल्स पदवी परीक्षा उत्तीर्ण झाला. साधी पदवी घेणाऱ्यांत त्याचा क्रमांक दहावा आला. त्या उन्हाळ्यात प्राध्यापक सेजविक यांच्याबरोबर उत्तर वेल्समधील डोंगरांत हिंडून त्याने भूस्तरांचे ज्ञानही मिळविले.

तेथून तो २९ ऑगस्ट १८३१ रोजी घरी आला, तेव्हा हेन्स्लो यांचे पत्र त्याची वाट पाहत होते. नौदलाचे 'बीगल' नावाचे जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याचे नकाशे तयार करण्यासाठी निघणार होते. जहाजाचे कप्तान फिट्झरॉय यांना निसर्गाची आवड असणारा एक सुशिक्षित तरुण सोबतीला हवा होता. हेन्स्लो यांनी चार्ल्सचे नाव सुचविले होते.

चार्ल्सला आनंदाचे भरते आले. त्याने तत्काळ वडिलांना विचारले. वडिलांनी मान हालविली. त्यांनी साफ मनाई केली नाही, पण जाऊ नये असाच निक्षून सल्ला दिला. चार्ल्स आता बावीस वर्षांचा होता. परंतु वडिलांचा सल्ला डावलून गेलो तर आपल्या मनाला स्वस्थता लाभणार नाही, असे त्याला वाटले आणि दुसऱ्याच दिवशी त्याने हेन्स्लो यांना नकार कळविला. मात्र वडिलांनी एक दार उघडे ठेवले होते. व्यवहारज्ञान असलेल्या एका तरी माणसाने तुला जाण्याचा सल्ला दिला, तर मी संमती देईन, असे ते म्हणाले होते.

चार्ल्स शिकारीसाठी मेअर या गावी आपल्या मामांकडे गेला. मामा जोसाया वेजवुड हे प्रसिद्ध चिनी मातीच्या कारखान्याचे मालक होते. ते मितभाषी आणि न्यायनिष्ठ होते. व्यवहारज्ञानाच्या बाबतीत डॉक्टर रॉबर्ट त्यांना फार मानीत. मामांनी सर्व हकीकत ऐकून घेतली आणि वडिलांचे म्हणणे नेमके काय आहे, ते कागदावर लिहून काढण्यास सांगितले. चार्ल्सने एकूण आठ आक्षेप लिहिले. पुढे धर्मोपदेशक होणाऱ्यास हे शोभणार नाही. बेत अविचाराचा आहे. ही जागा आधी दुसऱ्या अनेकांना देऊ केली असणार. आणि ज्या अर्थी ती कोणी घेतली नाही, त्या अर्थी जहाजात किंवा मोहिमेत काहीतरी खोट असली पाहिजे. परतल्यावर मुलगा स्थिर आयुष्य जगणार नाही. जहाजावर राहण्याचे फार हाल होतील. धंदा पुन्हा बदलल्यासारखे होईल. आणि अखेरीस, या सर्वातून काही निष्पन्न व्हावयाचे नाही.

मामांनी त्याच दिवशी, म्हणजे ३१ ऑगस्टला, एकेका आक्षेपाचा शांतपणे परामर्श घेणारे पत्र डॉक्टरांना लिहिले. निसर्गाचा अभ्यास धर्मोपदेशकाला कमीपणा आणणारा नाही. नौदल वाईट जहाज अशा कामगिरीवर पाठवील हे संभवत नाही. चार्ल्स आज आपल्या धंद्याच्या अभ्यासात गढलेला असता, तर त्यात व्यत्यय आणू नये असे आपणही म्हटले असते. परंतु तशी स्थिती नाही. धंद्याच्या दृष्टीने हा प्रवास निरुपयोगी ठरेल हे खरे. तथापि ज्याची जिज्ञासा एवढी व्यापक आहे, त्याला जग आणि माणसे पाहण्याची अशी संधी क्वचितच लाभते. ज्या प्रश्नाचे उत्तर आपणांस ठाऊक नाही, तेथे मामांनी तसे प्रांजळपणे सांगितले. वडिलांची बाजू त्यांनी कोठेही हसण्यावारी नेली नाही.

चार्ल्सनेही सोबत एक पत्र जोडले. वडिलांना पुन्हा त्रास देत असल्याबद्दल त्याने क्षमा मागितली होती आणि त्यांनी नकार दिल्यास तो विषय पुन्हा काढणार नाही, असे कळविले होते. १ सप्टेंबरला भल्या सकाळी पत्रे रवाना झाली. चार्ल्स बंदूक घेऊन रानात गेला. पण त्याचे चित्त शिकारीत कोठून असणार? दहाच्या सुमारास मामांचा निरोप आला. केवळ पत्रावर विसंबून न राहता ते स्वतः श्रूजबरीला जाण्यास निघाले होते आणि चार्ल्सला बरोबर नेणार होते. घोडागाडी जोडून मामा-भाचे श्रूजबरीस पोहोचले, तेव्हा फार बोलण्याची वेळच आली नाही. वडिलांनी आपले सर्व आक्षेप मागे घेतले होते आणि खर्चाचा भारही उचलण्याचे मान्य केले होते.

चार्ल्सला केंब्रिजमधील आपल्या उधळेपणाची आठवण झाली. वडिलांचे समाधान करावे म्हणून, नेमून दिलेल्या रकमेपेक्षा अधिक खर्च जहाजावर करावयाचा म्हटले तर मोठीच हुशारी लागेल, असे तो म्हणाला. त्यावर वडिलांनी किंचित हसून, तू फार हुशार आहेस असे सर्व लोक सांगतात, असे उत्तर दिले.

अजून एक विघ्न उरले होते. माणसाच्या चेहरेपट्टीवरून स्वभाव ओळखता येतो, अशी कप्तान फिट्झरॉय यांची समजूत होती. चार्ल्सचे नाक पाहून या मनुष्यात प्रवासास लागणारा उत्साह आणि निश्चय असेल काय, अशी त्यांना शंका आली. सुदैवाने ती लवकरच फिटली. वादळामुळे दोनदा बंदरात परतावे लागल्यानंतर २७ डिसेंबर १८३१ रोजी 'बीगल'ने इंग्लंडचा किनारा सोडला.

वडिलांचे सगळेच आक्षेप खोटे ठरले असे नाही. जहाज जेमतेम नव्वद फूट लांब होते आणि त्यात सत्तरांवर माणसे कोंबलेली होती. नकाशांच्या मेजावर झोळी टांगून चार्ल्स झोपे. पाय पुरेनात, म्हणून भिंतीतील कपाटाचा एक खण रोज रात्री काढून ठेवावा लागे. समुद्र लागून तो इतका बेजार होई, की कित्येक दिवस मनुक्यांवर काढावे लागत. दोन वर्षांचा म्हणून सांगितलेला प्रवास जवळजवळ पाच वर्षे चालला. आणि धर्मोपदेशक होण्याचा विचार वाटेत कोठे गळून पडला, ते त्याचे त्यालाही कळले नाही. परंतु शाळेत चाळीस ओळी लक्षात न ठेवणारा हा तरुण आता रोजची टिपणे काटेकोरपणे लिहीत होता. हाडांचे जीवाश्म, पक्षी, खडक आणि वनस्पती यांनी भरलेल्या पेट्यांमागून पेट्या तो हेन्स्लो यांच्याकडे पाठवीत होता. बंदूक त्याने हळूहळू नोकराच्या हाती दिली. नेम साधण्यापेक्षा निरीक्षण करण्यात आणि त्यावर विचार करण्यात अधिक गोडी आहे, हे त्याला आता उमगले होते.

प्रवासाच्या अखेरीस असेन्शन बेटावर त्याला बहिणींचे पत्र मिळाले. प्राध्यापक सेजविक वडिलांना भेटावयास आले होते आणि चार्ल्स पुढे थोर शास्त्रज्ञांच्या पंक्तीला बसेल, असे सांगून गेले होते. ते पत्र वाचून चार्ल्स डोंगरावरून उड्या मारीत सुटला आणि त्याच्या हातोडीच्या घावांनी तेथील खडक दुमदुमले.

२ ऑक्टोबर १८३६ रोजी 'बीगल' इंग्लंडला परतले. दोन दिवसांनी रात्री उशिरा चार्ल्स श्रूजबरीस पोहोचला. घरची मंडळी झोपलेली होती, म्हणून त्याने कोणास उठविले नाही. सकाळी न्याहारीच्या वेळी तो अचानक समोर येऊन उभा राहिला. वडिलांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि मुलींकडे वळून, याच्या डोक्याचा आकारच बदलला आहे की, असे उद्गार काढले. कोणता धंदा करणार, हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. मुलाला निर्वेधपणे संशोधन करता यावे, एवढी द्रव्याची तरतूद त्यांनी करून दिली. १८४८ साली ते वारले. ज्या ग्रंथाने जीवशास्त्राची दिशा बदलली, तो चार्ल्सचा 'ऑरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. तो काही वडिलांना पाहावयास मिळाला नाही.

चार्ल्स डार्विन स्वतःही मोठ्या कुटुंबाचा पिता झाला. त्याची मुले त्याच्या अभ्यासिकेत वाटेल तेव्हा शिरत. त्याच्या ग्रंथाच्या हस्तलिखिताच्या पाठकोऱ्या पानांवर त्यांनी चित्रेही काढली. एका चार वर्षांच्या मुलाने तर, काम सोडून खेळावयास याल तर सहा पेन्स देईन, अशी लाच त्याला देऊ केली होती! पुढे त्याचा फ्रान्सिस नावाचा मुलगा वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाला; परंतु डॉक्टरीचा धंदा त्याने कधीच केला नाही. डार्विनने त्याला आपल्या घरी बोलावून घेतले. बाप-लेक मिळून वनस्पतींवर प्रयोग करू लागले. वेली आधाराकडे कशा वळतात, कोवळे अंकुर प्रकाशाकडे कसे झुकतात, हे दोघे तासन्‌तास टिपून ठेवीत. १८८० साली त्या प्रयोगांचे पुस्तक निघाले, तेव्हा डार्विनने मुखपृष्ठावर आपल्या नावाखाली मुलाचेही नाव छापविले.